स्क्रीनवर दिसतंय, पण हातात येत नाहीये

या वेळी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेवर आलेल्या पत्रांतली चार पत्रं एकाच गाठीभोवती फिरतायत: क्लासमधल्या मेथडने, म्हणजे क्लासच्या आत लिहिलेल्या फंक्शनने, उत्तर प्रिंट करायचं (स्क्रीनवर दाखवायचं) की रिटर्न करायचं (परत द्यायचं). म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय. एक गोष्ट आधीच सांगते, इथे कोड देवनागरीत छापलाय. तुम्ही टाइप करताना क्लास, डेफ, रिटर्न, प्रिंट, फॉर, इन, इफ, अपेंड, इनिट हे शब्द आणि सगळे आकडे इंग्रजीतच टाका, पण लिटर, दर, नोंद अशी आपण ठेवलेली नावं मराठीत लिहिलीत तरी पायथन ३ ला खरंच चालतात, करून बघा.

प्रश्न: ताई, मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पप्पा गावात दूध संकलन केंद्र चालवतात, सकाळ-संध्याकाळच्या नोंदी वहीत असतात आणि दर दहा दिवसांनी बिल काढताना रात्र जाते, म्हणून मी पायथनमधे प्रोग्रॅम लिहायला घेतला. एका नोंदीचा क्लास केलाय, त्यात रक्कम नावाची मेथड आहे, ती एकदम बरोबर चालते, ४२५.० असं उत्तर स्क्रीनवर येतं. पण दहा दिवसांची बेरीज करायला गेलो की पहिलं उत्तर दिसतं आणि लगेच खाली लाल एरर. म्हणजे उत्तर येतंय पण बेरीज होत नाहीये. मित्र म्हणाला प्रिंट काढ आणि रिटर्न टाक, तसं केलं तर स्क्रीनवर काहीच दिसेना. म्हणून परत प्रिंट टाकलं. दोन आठवडे इथेच अडकलोय. कोड सोबत जोडलाय. — एक विद्यार्थी, कोल्हापूर जिल्हा

```
क्लास दूधनोंद:
    डेफ __इनिट__(सेल्फ, लिटर, दर):
        सेल्फ.लिटर = लिटर
        सेल्फ.दर = दर

    डेफ रक्कम(सेल्फ):
        प्रिंट(सेल्फ.लिटर * सेल्फ.दर)

एकूण = ०
फॉर नोंद इन नोंदी:
    एकूण = एकूण + नोंद.रक्कम()
```

उत्तर: दोन आठवडे एका जागी अडकून पडणं किती जीवावर येतं ते मला माहितीये, त्यामुळे सावकाश सांगते, आणि तुझ्याच केंद्रावरचं उदाहरण घेऊन सांगते.

सकाळी केंद्रावर कोणीतरी कॅन घेऊन येतं, माप होतं, आणि माप घेणारा मोठ्याने ओरडतो, "साडेबारा!" तिथे उभे असलेल्या सगळ्यांना ऐकू गेलं. पण पप्पा दहा दिवसांनी बिलाला बसतील तेव्हा त्या ओरडण्याचा काय उपयोग? ते हवेत गेलं. बिल होतं ते पावतीवरून किंवा वहीतल्या आकड्यावरून, जो एका हातातून दुसऱ्या हातात गेला. प्रिंट म्हणजे ते ओरडणं, आणि रिटर्न म्हणजे पावती हातात देणं. तुझी रक्कम मेथड आकडा अगदी बरोबर काढते, ओरडून सांगते, आणि पावती न देता निघून जाते.

आता एरर नेमकी कुठे येते ते बघ, कारण तुझा गोंधळ तिथेच आहे. पहिली नोंद १२.५ लिटर, दर ३४. पायथन उजवीकडून सुरू करतं, एकूण आहे ०, त्यात काय मिळवायचं ते बघायला रक्कम मेथडमधे शिरतं. आत प्रिंट आहे म्हणून ४२५.० स्क्रीनवर येतं. मेथड संपली. तिच्यात रिटर्न कुठेच नाही, आणि पायथनचा नियम असा की ज्या फंक्शनमधे रिटर्न नाही ते गपचूप नन परत देतं. नन म्हणजे शून्य नाही हं, नन म्हणजे "काहीच नाही" हे सांगणारी एक वेगळी वस्तू. मग बेरीज होते ० अधिक नन, आणि एरर येते: टाइपएरर, अनसपोर्टेड ऑपरंड टाइप्स फॉर +, इंट अँड ननटाइप. तू ती ओळ वाचली असशील, पण वर ४२५.० दिसत असल्यामुळे तुला वाटलं की आकडा तर आलाय, मग ननटाइप कुठून आला. ज्या मेथडमधे तू ओरडलास तिथूनच आला.

याच कारणाने आणखी एक प्रकार होतो, तुला कधीतरी दिसलाच असेल: प्रिंट(नोंद.रक्कम()) असं लिहिलं की ४२५.० आणि त्याच्या खाली नन. ४२५.० आतल्या प्रिंटने दिलं, नन बाहेरच्या प्रिंटने. खूप जण त्या ननला वैतागून बाहेरचं प्रिंट काढतात आणि आतलं ठेवतात, करायचं असतं नेमकं उलटं.

मित्राने सांगितलं ते बरोबर होतं, फक्त त्याने अर्धंच सांगितलं. रिटर्न टाकल्यावर स्क्रीन कोरी राहिली कारण पावती दिली गेली पण ती कोणी वाचून दाखवली नाही. वाचून दाखवण्याचं काम शेवटी, एकदाच, बाहेर:

```
    डेफ रक्कम(सेल्फ):
        रिटर्न सेल्फ.लिटर * सेल्फ.दर

एकूण = ०
फॉर नोंद इन नोंदी:
    एकूण = एकूण + नोंद.रक्कम()
प्रिंट(एकूण)
```

सकाळचं १२.५ लिटर ३४ च्या दराने ४२५.०, संध्याकाळचं १० लिटर ३४.५ च्या दराने ३४५.०, एकूण ७७०.०. एवढं चाललं की पुढचं सगळं सुटायला लागतं.

हा घोळ मुळात होतो का, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण यात तुझ्या समजेचा दोष नाहीये. तू सुरुवातीला आयडलच्या (पायथनसोबत येणाऱ्या एडिटरच्या) त्या तीन बाणांपुढे टाइप करून शिकलास ना? तिथे नोंद.रक्कम() असं टाकून एंटर दाबलं तर प्रिंटवाली मेथड ४२५.० दाखवते आणि रिटर्नवालीही ४२५.० च दाखवते. डोळ्याला काडीचा फरक नाही. कारण शेल, म्हणजे ती बाणांची खिडकी, ही समोरासमोर बोलायची जागा आहे, तुम्ही दिलेल्या ओळीतून जी किंमत परत येते ती शेल स्वतःहून दाखवतं, आणि नन परत आलं तर गप्प बसतं. ज्युपिटर नोटबुकमधेही सेलच्या शेवटच्या ओळीचं तसंच. मग तोच कोड फाइलमधे लिहून चालवला की शेलची ही मदत नाहीशी होते आणि रिटर्नवाली मेथड मुकी वाटायला लागते. लोकांना वाटतं रिटर्न बिघडलं. बिघडलेलं काहीच नसतं.

फरक पकडायचा असेल तर शेलमधे हे करून बघ, दोन मिनिटांचं काम आहे. आधी प्रिंटवाल्या मेथडवर लिही: आकडा = नोंद.रक्कम(). एंटर मारल्या मारल्या ४२५.० दिसेल. मग नुसतं आकडा टाइप करून एंटर मार, काहीच येणार नाही, कारण आत नन बसलाय. आता मेथडमधे रिटर्न टाकून तेच कर. या वेळी पहिल्या ओळीला स्क्रीन गप्प, आणि आकडा टाइप केलं की ४२५.०. मेथड मजकूर देत असेल तर आणखी सोपी खूण आहे, रिटर्न झालेला मजकूर शेलमधे अवतरणचिन्हांत दिसतो आणि प्रिंट झालेला चिन्हांशिवाय. ही अवतरणं मला फार उशिरा लक्षात आली, कोणी आधी दाखवली असती तर बरेच दिवस वाचले असते.

आता तुझ्या प्रोग्रॅमबद्दल थोडं पुढचं, कारण तू यावर थांबणार नाहीस. नोंदींच्या वर एक क्लास लागेल, उत्पादकाचं खातं. त्यात दहा दिवसांच्या नोंदी, घेतलेली उचल, पशुखाद्याची कपात. तिथे एकूण_दूध, एकूण_रक्कम, कपात आणि देय अशा मेथडी कर, आणि चारही नुसत्या रिटर्न करू देत. देय म्हणजे एकूण रकमेतून कपात वजा, ती मेथड एकूण_रक्कम आणि कपात या दोघींना हाक मारते, त्यांनी पावती हातात दिली तरच तिचं काम होणार. ७७० मधून २०० रुपयांचं खाद्य गेलं, ५७०. एकीने जरी रिटर्नऐवजी प्रिंट केलं तरी साखळी तिथे तुटते.

मग उत्पादकाला द्यायची पावती? त्यासाठी पावती_मजकूर नावाची मेथड कर, पण तीही प्रिंट करणारी नको. नाव, तारखा, लिटर, रक्कम हे सगळं जोडून एक स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, तयार कर आणि ती रिटर्न कर. का, तर आज ती स्क्रीनवर दाखवशील, उद्या पप्पा म्हणतील फाइलमधे ठेव, परवा म्हणतील उत्पादकाला व्हॉट्सॲपवर पाठव, आणि महिनाभराने छोटा प्रिंटर आणतील. मजकूर हातात असेल तर प्रत्येक वेळी बाहेरची एकच ओळ बदलेल. मेथडच्या पोटात प्रिंट असेल तर प्रत्येक वेळी क्लास उघडून बसावं लागेल.

आणखी एक, रक्कम मेथडमधूनच "४२५.०० रुपये" असा सजवलेला मजकूर रिटर्न करायचा मोह होईल, तो आवर. स्ट्रिंग आली की बेरीज परत अडते, तीच टाइपएरर, फक्त ननटाइपच्या जागी एसटीआर, म्हणजे स्ट्रिंगचं पायथनमधलं नाव. मेथड आकडा देऊ दे, दोन दशांश आणि रुपयाचं चिन्ह पावती_मजकूरमधे लाव.

आणि सगळं आकड्याने भरायला पाहिजे असंही नाही. उचल_नोंदव(५००) अशी मेथड असेल तर तिचं काम खात्यात नोंद टाकणं आहे, तिने काही रिटर्न केलं नाही तरी चालतं. मी स्वतः मेथडचं नाव ठेवताना बघते, नाव वस्तूचं असेल, रक्कम, देय, मजकूर, तर ती वस्तू परत आलीच पाहिजे. नाव कामाचं असेल, नोंदव, काढून_टाक, तर काम झालं की पुरे. असा नियम पायथनमधे कुठे लिहिलेला नाही, पण त्याने माझ्या चुका खूप कमी झाल्या.

हे सगळं इतकं जीव तोडून सांगतेय कारण एकदा मी याची किंमत बघितलीये. सुरुवातीच्या नोकरीत साठेक लोकांच्या ओव्हरटाइमचा हिशेब करणारा क्लास मी लिहिला होता, सगळ्या मेथडींमधे प्रिंट. महिनाअखेरीला सांगितलं गेलं की हे एक्सेलमधे पाहिजे, आजच. क्लासमधून आकडा बाहेर काढायला वाटच नव्हती, मग काळ्या खिडकीतून एकेक ओळ बघून हाताने एक्सेलमधे भरत बसले, रात्री साडेदहापर्यंत. त्यात एक ओळ सुटली. पगाराच्या दिवशी एक काका स्लिप घेऊन आले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, माझे रविवारचे तास दिसत नाहीत." त्यांचे पैसे पुढच्या महिन्यात मिळाले, पण त्यांचा तो महिना तर तसाच गेला. तुझ्या बिलावरही कोणाचं तरी घर चालतंय, म्हणून आकडा हातोहात गेला पाहिजे, मधे कोणी डोळ्याने वाचून परत टाइप करायची वेळ येता कामा नये.

प्रश्न: मॅडम, प्रिंटच्या जागी रिटर्न करा हे मी आधी कुठेतरी वाचलं होतं आणि माझ्या लायब्ररी क्लासमधे सगळीकडे बदललं. आता नवीनच त्रास. थकीत पुस्तकांची यादी दाखवणारी मेथड आधी सातही पुस्तकं दाखवायची, आता फक्त पहिलंच पुस्तक येतं. कुठे चुकतंय? — एक वाचक, पुणे

उत्तर: तुमचा कोड पत्रात नाही, पण प्रिंट आधी फॉर लूपच्या आत होतं आणि तुम्ही तिथल्या तिथे त्याचं रिटर्न केलंत, असंच झालं असणार, कारण हे बहुतेक सगळ्यांचं होतं.

प्रिंट हवं तितक्या वेळा करता येतं, सात पुस्तकं तर सात वेळा. रिटर्नचं तसं नाही, रिटर्न आलं की मेथड तिथेच संपते, लूप अर्ध्यात असला तरी. पहिलं थकीत पुस्तक सापडलं, रिटर्न झालं, आणि बाकीच्या सहा पुस्तकांपर्यंत पायथन गेलंच नाही. पोस्टमनने पहिलं पत्र दिल्या दिल्या ड्युटी संपवून घरी जावं तसं.

लूपच्या आधी एक रिकामी यादी करा, लूपमधे तिच्यात भर घाला, आणि लूप संपल्यावर यादी रिटर्न करा:

```
    डेफ थकीत(सेल्फ, आज):
        यादी = []
        फॉर पुस्तक इन सेल्फ.पुस्तकं:
            इफ पुस्तक.परतीची_तारीख < आज:
                यादी.अपेंड(पुस्तक)
        रिटर्न यादी
```

शेवटच्या रिटर्नचं इंडेंटेशन, म्हणजे ओळीआधी सोडलेली जागा, बघा, ते फॉरच्या सरळ रेषेत आहे, आत नाही. स्पेस इकडच्या तिकडे झाल्या की परत एकच पुस्तक. किंवा त्याहून वाईट, रिटर्न इफच्या बाहेर पण फॉरच्या आत राहिलं तर पहिलं पुस्तक थकीत नसेल तेव्हा रिकामी यादी येते आणि वाटतं सगळ्यांनी पुस्तकं परत केली. एरर येत नाही म्हणून ही चूक महिनोन् महिने लपून राहते.

यात आजची तारीख मी बाहेरून दिलीये ते मुद्दाम. मेथड आतमधे घड्याळ बघायला गेली की ती तपासणं अवघड होतं. बाहेरून तारीख दिली की तुम्ही वाटेल ती तारीख देऊन परत आलेली यादी जुळते का बघू शकता, एक असर्ट ओळ (हे खरं आहे का ते तपासणारी) पुरते. प्रिंट करणारी मेथड अशी तपासायची तर स्क्रीनवर गेलेला मजकूर पकडून आणावा लागतो. पायटेस्ट या कोड तपासायच्या साधनात त्याची सोय आहे, पण एका आकड्यासाठी एवढा द्राविडी प्राणायाम कशाला.

तुम्ही पुढे विचारलंय की यादी सेल्फ.थकीत_यादी मधे ठेवून दिली तर रिटर्नची गरजच काय. चालतं, पण मग वापरणाऱ्याला लक्षात ठेवावं लागतं की आधी मेथड चालवायची आणि मग ती यादी वाचायची. एखादं पुस्तक परत आलं, मेथड परत चालवायला विसरलात, की कालची यादी आजची म्हणून दाखवली जाते आणि पुस्तक परत केलेल्या माणसाला दंडाचा निरोप जातो. जे हवं तेव्हा मोजून काढता येतं ते साठवू नका, मोजा आणि हातात द्या.

प्रश्न: मी ज्युनियर कॉलेजला पायथन शिकवते. आम्ही पहिल्या तासाला प्रिंट शिकवतो आणि रिटर्न खूप नंतर येतं, तोपर्यंत मुलांच्या हाताला प्रिंटची सवय लागलेली असते. क्लास आणि मेथडी शिकवताना तर रिटर्न प्रिंट(...) असंही लिहून आणतात! आणि वस्तूचं वर्णन देणाऱ्या एसटीआर मेथडमधेही प्रिंटच. कुठून सुरुवात करू? — एक शिक्षिका, नाशिक

उत्तर: बाई, तुम्ही हा प्रश्न विचारलात याचाच मला आनंद झाला, कारण तुमच्या वर्गात हे सुटलं की वरचं दोन आठवड्यांचं अडकणं त्या मुलांच्या वाट्याला येणार नाही.

प्रिंट पहिल्या तासाला शिकवण्यात चूक नाही, पोरांना स्क्रीनवर काहीतरी उमटलेलं बघायचंच असतं. पण मुलं पहिल्याच आठवड्यात रिटर्न करणारी फंक्शनं वापरत असतात, फक्त तिकडे कोणी बोट दाखवत नाही. लेन (लांबी), मॅक्स (सगळ्यात मोठं), सम (बेरीज). लेन(नाव) असं फाइलमधे नुसतं लिहिलं तर स्क्रीनवर काही येत नाही आणि त्याबद्दल कोणी तक्रारही करत नाही, सगळे सहज प्रिंट(लेन(नाव)) लिहितात. तिथेच थांबून विचारा, समजा लेनने आकडा परत न देता स्वतःच प्रिंट केला असता, तर दोन नावांच्या लांबीची बेरीज कशी केली असती? मुलं दोन मिनिटं विचार करतात आणि मग स्वतःच म्हणतात, करताच आली नसती. ते त्यांच्या तोंडून आलं पाहिजे.

रिटर्न प्रिंट(...) ची गंमत अशी की जुन्या पायथन २ मधे ते लिहिताच येत नव्हतं, कारण तिथे प्रिंट हे फंक्शन नव्हतं, भाषेतलं एक स्टेटमेंट होतं, कंस न देता लिहायचं, आणि रिटर्नच्या पुढे टाकलं की सिंटॅक्स एरर. ३ डिसेंबर २००८ ला पायथन ३.० आलं तेव्हा प्रिंट फंक्शन झालं, आणि फंक्शन म्हटलं की ते काहीतरी परत देणारच, प्रिंट नेहमी नन परत देतं. त्यामुळे आजची मुलं रिटर्न प्रिंट(...) लिहितात तेव्हा पायथन काही बोलत नाही, स्क्रीनवर आकडा येतो, वर्गात सगळ्यांना वाटतं झालं, आणि परत आलेला असतो तो नन. मुलांना हेच मोठ्या अक्षरांत फळ्यावर काढून दाखवा, आत आकडा शिरतो, स्क्रीनवर जातो, आणि रिटर्नच्या हाताला नन लागतो.

एसटीआर मेथड तर या कामासाठी देवासारखी आहे, तिचा उपयोग करून घ्या. दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर असलेली ती मेथड पायथन स्वतः हाक मारून वापरतं, आपण प्रिंट(विद्यार्थी) लिहिलं की प्रिंट त्या वस्तूला म्हणतं, तुझं वर्णन दे, आणि मग ते वर्णन स्क्रीनवर टाकतं. म्हणजे दाखवायचं काम प्रिंटचं आणि वर्णन द्यायचं काम मेथडचं, वाटणी भाषेनेच करून ठेवलीये. मुलाने आत प्रिंट टाकलं तर वर्णन दिसतं आणि लगेच टाइपएरर येते की एसटीआरने स्ट्रिंग नसलेलं काहीतरी परत दिलं, ननटाइप. ही एरर मुलांना मुद्दाम घडवून आणायला सांगा. स्वतः घडवलेल्या एररची भीती जाते.

इनिट मात्र उलटी आहे, तिथे काही रिटर्न केलं की पायथन रागावतं, तिने ननच द्यायचा असतो. हुशार मुलगी हमखास विचारेल, तयारी ठेवा. नवी वस्तू तयार होऊन आधीच हातात येणार असते, इनिट फक्त तिच्या आत सामान लावते, म्हणून तिच्याकडून दुसरं काही घेतलं जात नाही.

आणि एक आठवडा असा ठेवून बघा की क्लासच्या आत प्रिंट लिहायचंच नाही, प्रिंट फक्त फाइलच्या तळाशी. पहिले दोन दिवस कुरकुर होईल. तुमच्या मुलांपैकी जी पुढे प्लेसमेंटसाठी लीटकोड या कोडिंगच्या सरावाच्या साइटवर जातील त्यांना तिथे सोल्यूशन नावाचा क्लास आणि रिकामी मेथड मिळते, आणि उत्तर रिटर्नच करावं लागतं, प्रिंट केलेलं तपासलंच जात नाही. उलट कोडशेफ या तशाच साइटवर प्रोग्रॅमने उत्तर प्रिंट करायचं असतं. दोन्हीकडे ज्याची मेथड रिटर्न करते त्याला फक्त शेवटची ओळ बदलावी लागते.

प्रश्न: यादी = यादी.सॉर्ट() केल्यावर यादीच गायब होते. हा बग आहे का? — एक वाचक, मस्कत

उत्तर: बग नाही, ठरवून केलेलं आहे. सॉर्ट ही कामाच्या नावाची मेथड, ती आहे त्याच यादीची जागेवर अदलाबदल करते आणि नन देते, म्हणजे मूळ यादी बदललीये हे तुमच्या ध्यानात राहावं. तुम्ही तो नन यादी या नावात ठेवलात, म्हणून यादी गेली. नुसतं यादी.सॉर्ट() लिहा, डावीकडे काही नको. मूळ यादी तशीच ठेवून नवी हवी असेल तर सॉर्टेड(यादी), ते रिटर्न करतं. अपेंड, रिव्हर्स, रँडममधलं शफल, सगळी सॉर्टच्याच घरातली. पॉप मात्र वेगळं, ते यादीतून काढतंही आणि काढलेलं हातातही देतं.